बर्फाच्या वेळापत्रकावर स्पिती

स्पितीत मोटरसायकलने जायचं ठरवलं की जाणता माणूस पहिली गोष्ट सांगतो: नाले सकाळी पार करा. इथला नाला म्हणजे माथ्यावरच्या बर्फातून किंवा हिमनदीतून सुटून थेट रस्त्यावरून आडवा वाहणारा ओढा. पहाटे त्यात घोटाभर पाणी असतं. ऊन चढत जातं तसा वरचा बर्फ वितळतो, आणि ते पाणी खाली पोचेपर्यंत दुपार कलते. तेव्हा तोच नाला गुडघ्याच्या वर चढलेला आणि तळाचे धोंडे लोळवत नेणारा असतो. रात्री वर पुन्हा गोठतं, पहाटे पाणी उतरतं. उन्हाळाभर रोज हेच. गाडी चालवण्यासाठी शिकलेला हा नियम पुढे शेतात, गोंपात म्हणजे बौद्ध मठात, बाजारात, अगदी निवडणुकीच्या इतिहासातही भेटत राहिला आणि त्याच्याच आधाराने हा सगळा मुलूख मला उलगडत गेला.

स्पितीचं खोरं हिमाचल प्रदेशात, हिमालयाच्या मुख्य रांगेच्या पाठीमागे तिबेटला खेटून आहे. मोसमी ढग अलीकडच्या डोंगरांवर रिते होतात आणि पलीकडे पोचतात तेव्हा त्यांच्यात फारसं काही उरलेलं नसतं. वर्षभराचं पाणी पडतं ते हिवाळ्यात, बर्फ म्हणून. नदी, शेत, पिण्याचं पाणी यांचं सगळं भांडवल माथ्यावर साठलेलं असतं आणि सूर्य ते रोज थोडं थोडं मोकळं करतो.

आम्ही धुळे, साक्री, मालेगाव आणि नाशिककडची मित्रमंडळी जुलैच्या उत्तरार्धात शिमल्याहून निघालो. गटात शिक्षक होते, एक द्राक्ष बागायतदार होता, बँकेत नोकरी करणाऱ्या दोघी मैत्रिणी होत्या, आणि साठी ओलांडलेले आप्पा होते. आप्पांचं आयुष्य बुलेट उघडण्या-जोडण्यात गेलेलं. सगळ्यात शेवटची गाडी त्यांची, हे न बोलता ठरलेलं. प्रत्येकाने आपल्या आरशात मागच्याचा दिवा ठेवायचा, तो दिसेनासा झाला तर थांबायचं, एवढा एकच नियम आम्ही पाळला आणि तो पुरला.

नारकंड्यापर्यंत देवदार, धुकं आणि भुरभुर पाऊस. नारकंड्याच्या खालच्या अंगाला कोटगढ आहे, हिमाचलच्या सफरचंदाचं माहेर. सॅम्युअल स्टोक्स नावाचा फिलाडेल्फियाचा तरुण १९०४ मध्ये कुष्ठरुग्णांच्या सेवेसाठी भारतात आला, पुढे इथल्याच मुलीशी लग्न करून कोटगढला राहिला आणि १९१६ मध्ये त्याने अमेरिकेतल्या डेलिशियस जातीची रोपं इथे लावली. स्वातंत्र्यलढ्यात तो तुरुंगातही गेला. पुढे त्याने हिंदू धर्म स्वीकारला आणि सत्यानंद हे नाव घेतलं. आज शिमला आणि किन्नौर जिल्ह्यांतली पक्की घरं, शिकलेली मुलं आणि दारातल्या जीपगाड्या यांच्या मुळाशी ती रोपं आहेत. आमचा द्राक्षवाला एका बागेत जो शिरला तो लवकर बाहेर येईना. छाटणी, फवारणी, पेटीचा भाव अशी दोघा बागायतदारांची जुंपली. सफरचंदाच्या झाडाला हिवाळ्यात ठरावीक काळ कडक थंडी लागते, तरच वसंतात फूल नीट धरतं. खालच्या उतारांवर ती थंडी अपुरी पडू लागली आहे, त्यामुळे बागा वर वर सरकत आहेत. पुढे स्पितीच्या उंबरठ्यावर चांगो गावात लगडलेली झाडं पाहिली तेव्हा कोटगढच्या त्या बागायतदाराचं बोलणं आठवलं.

नारकंड्याहून रस्ता सतलजकडे उतरत राहतो. देवदार संपतात, उकाडा येतो आणि रामपूरला पोचेपर्यंत सतराशे मीटरची उंची गमावलेली असते. रामपूर ही जुन्या बुशहर संस्थानची राजधानी. तिबेटी लोकर, मीठ आणि पश्मिना खाली येण्याचा आणि धान्य वर जाण्याचा हा नाका होता. दर नोव्हेंबरात भरणारी लवी जत्रा त्याच व्यापाराची. आज इथे नदीचा सौदा विजेत होतो. वर नाथपा इथे सतलज अडवून तिचं पाणी सुमारे सत्तावीस किलोमीटर लांब बोगद्यात घातलं आहे आणि ते खाली झाकरीला बाहेर पडतं. प्रकल्पाची क्षमता १,५०० मेगावॉट. मधल्या पट्ट्यात इतक्या मोठ्या नदीची रोडावलेली धार बघवत नाही.

तरंडा गावाच्या आसपास किन्नौर खऱ्या अर्थाने सुरू होतो. कातळ पोखरून काढलेला रस्ता, डोक्यावर दगडाचं छत, डाव्या हाताला शेकडो फूट खोल नदी. लॉर्ड डलहौसीच्या काळात, १८५० मध्ये, हिंदुस्थान-तिबेट रस्त्याचं काम सुरू झालं. ती होती खेचरांची वाट. तिबेटशी व्यापार वाढावा हा हेतू होता, आणि वेठीला धरलेल्या डोंगरी लोकांच्या श्रमांवर ती वाट पुढे सरकली. १९६२ नंतर व्यापार थांबला आणि रस्त्याला लष्करी महत्त्व आलं. आता सीमा सडक संघटना तो राखते. झारखंड, बिहार आणि नेपाळहून आलेली माणसं वर्षानुवर्षं इथे दगड फोडताना दिसतात. त्यांच्या पाठीवर बांधलेली, मातीने माखलेली तान्ही मुलंही दिसतात. या रस्त्याच्या थरारक सौंदर्याबद्दल लिहिणाऱ्या प्रत्येकाने त्यांच्याबद्दलही लिहावं असं मला मनापासून वाटतं.

कल्पा गाव जवळपास तीन हजार मीटरवर, किन्नर कैलासच्या समोर आहे. स्वतंत्र भारतातलं पहिलं मत इथे पडलं. पहिली सार्वत्रिक निवडणूक देशात मुख्यतः १९५२ च्या सुरुवातीला झाली, पण तोवर हा भाग बर्फाखाली गेला असता. म्हणून इथे मतदान आधीच, १९५१ च्या ऑक्टोबरात उरकलं, आणि श्याम सरन नेगी या शाळामास्तरांनी २५ तारखेला सकाळी मत टाकलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये, शंभरी ओलांडून, ते गेले. त्याआधी तीनच दिवस त्यांनी घरून टपाली मतदान केलं होतं. दिल्लीतल्या निवडणूक आयोगालाही आपलं वेळापत्रक बर्फाला विचारून ठरवावं लागलं होतं.

कल्पा सोडल्यावर चिलगोज्याची विरळ जंगलं लागतात आणि मग तीही मागे पडतात. खाब इथे शिपकी-ला भागातून भारतात शिरलेली सतलज आणि उत्तरेकडून आलेली स्पिती यांचा संगम आहे. पुलावर उभं राहिलं की दोन्ही बाजूंचे उघडे कातळ अंगावर येतात. दोन्ही नद्यांची नाळ तिबेटशी जुळलेली आहे. स्पितीला वर सुमदोपाशी पारेछू नदी मिळते आणि ती येते सीमेपलीकडून. २००४ मध्ये तिबेटात दरड कोसळून पारेछू अडली, मोठा तलाव साचला. वर्षभर खालची गावं धास्तावलेली होती. २००५ च्या जूनमध्ये तो बांध फुटला. लोकांना वेळीच हलवलं होतं म्हणून जीव वाचले, पण पूल, रस्ते आणि नदीकाठची शेतं गेली. चहाच्या टपरीवरचा माणूस हातानेच पाण्याची उंची दाखवत होता आणि त्याचा हात पुलाच्याही वर गेला होता.

तिथून का गावाची वळणं चढत नाकोला जायचं. नाको साडेतीन हजार मीटरच्या वर आहे. इथून पुढे गाड्यांचं बळ घटत गेलेलं जाणवतं. स्पितीतल्या सर्वांत उंच गावांपाशी हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास उरतो, म्हणजे इंजिनाला आणि माणसाला, दोघांनाही प्राणवायू कमी. नव्या गाड्या इंधनाचं प्रमाण स्वतःच जुळवून घेतात. आमच्यातल्या दोन जुन्या, कार्ब्युरेटरच्या बुलेट मात्र काळा धूर ओकू लागल्या. आप्पांनी नाकोच्या तळ्याकाठी बसून एअर स्क्रू थोडा थोडा फिरवत, कान इंजिनाला लावून मिश्रण पातळ केलं. भोवती गावातली पोरं गोळा झाली होती. त्यातल्या एकाने आपल्या वडिलांची बंद पडलेली मोपेडसारखी गाडी ढकलत आणली, आणि आप्पांची दुपार तिच्यात गेली. त्या बदल्यात आम्हा सगळ्यांना त्या पोराच्या घरी थुकपा, म्हणजे नूडल्सचं सूप, मिळालं. हाताला जर्दाळूचा वास असलेल्या तिथल्या माऊलीने वाढताना आप्पांचं भांडं तीनदा भरलं.

नाकोच्या पुढे मलिंग नाल्याचा डोंगर आहे. वरचं पाणी उतारात मुरत राहतं आणि अख्खा उतार खाली घसरत असतो. रस्ता इथे दर काही वर्षांनी नव्याने बांधावा लागतो. आम्ही तो उजाडल्या उजाडल्या ओलांडला. एकाने वर बघत उभं राहायचं, शिट्टी वाजली की पुढच्याने जायचं.

सुमदोला किन्नौर संपतो आणि स्पिती लागते. १९७५ च्या जानेवारीत या पट्ट्यात मोठा भूकंप झाला. त्यात ग्यू गावाजवळचं जुनं थडगं उघडं पडलं आणि आत बसलेल्या अवस्थेतला एका भिक्षूचा देह मिळाला, सुमारे पाचशे वर्षांपूर्वीचा. कातडी आणि केस शाबूत. हवेत ओल नाही आणि थंडी कडक, म्हणून तो टिकला. आज तो काचेआड आहे आणि गावकरी त्याच्याकडे राखणदार म्हणून पाहतात.

हाच कोरडेपणा ताबोला मातीचं लेणं सांभाळतो. ताबोचा गोंपा ९९६ मध्ये उभा राहिला, तेव्हा आपल्या अंबरनाथचं शिवमंदिर व्हायला अजून साठेक वर्षं होती. पश्चिम तिबेटातल्या गुगे राज्याचा राजा येशे-ओ याने तो उभारला आणि त्या कामात रिंचेन झांगपो या थोर अनुवादकाचं नाव जोडलं जातं. बाहेरून पाहिलं तर सपाट धाब्याची मातीची घरं, कळस नाही, शिखर नाही. आतल्या अंधाराला डोळे सरावले की भिंतीतून पुढे झुकलेल्या, माणसाएवढ्या मृण्मय मूर्ती दिसू लागतात. त्या जमिनीवर ठेवलेल्या नाहीत, भिंतीलाच जोडलेल्या आहेत. खाली भित्तिचित्रांचे पट्टे. कपड्यांवरच्या नक्षीत आणि डोळ्यांच्या घडणीत काश्मिरी हात ओळखू येतो. अजिंठ्याच्या पद्मपाणीपाशी उभं राहिलेल्या कुणालाही या रेषेचं नातं जाणवेल. मातीचं छप्पर, मातीची भिंत, मातीवरचा रंग, आणि तरी हजार वर्षं, कारण पाऊस जवळजवळ नाहीच. आता मात्र अधूनमधून धो-धो सरी येतात आणि छपरं गळतात, असं तिथला एक भिक्षू सांगत होता. ज्या इमारतीचा सगळा हिशेब बर्फाचा होता तिच्यावर पाऊस पडू लागला आहे, ही गोष्ट मला सगळ्या प्रवासात सर्वाधिक बोचली. बर्फ छपरावरून फावड्याने लोटून देता येतो. पाऊस मातीत शिरतो.

ताबोच्या जवळच एका घरी आम्ही उतरलो होतो. पहाटे, अजून डोंगराआड ऊन होतं तेव्हा घरातली आमा, म्हणजे आई, गमबूट घालून फावडं खांद्यावर टाकून निघाली. मी विचारून तिच्या मागे गेलो. गावाच्या वरच्या अंगाला मातीच्या कडांचं गोल तळं होतं. रात्रभर कूल त्यात पाणी आणून सोडते. कूल म्हणजे पाट. हिमनदीच्या तोंडापासून कड्याच्या अंगाने कोरत, कधी लाकडी पन्हाळीतून, कित्येक किलोमीटर आणलेला. तळ्याच्या तोंडाशी एक दगड, त्याभोवती गवताची ढेकळं आणि जुन्या गोणपाटाचा बोळा. आमाने बोळा ओढला, ढेकूळ पायाने सरकवलं, आणि थंडगार गढूळ पाणी वाटाण्याच्या वाफ्यांकडे धावलं. ती त्याच्या पुढे पुढे चालत फावड्याच्या एका घावात एकेक वाफा उघडत होती आणि भरला की मातीच्या एका लप्प्याने बंद करत होती. वाफा भरला हे ती पाहत नव्हतीच. बुटाची टाच मातीत रोवून अंदाज घेत होती. ऊन शेतावर आलं तोवर तिची पाळी संपली आणि शेजारच्या घरची सून फावडं घेऊन उभी होती.

मी धुळ्याकडच्या पांझरा नदीकाठचा. आमच्याकडे बंधाऱ्यावरची फड पद्धत होती आणि काही गावांत अजून आहे. सगळ्या गावाचं शिवार फडांत वाटलेलं, एका फडात एकच पीक, पाणी सोडणारा पाटकरी, पिकावर राखण ठेवणारा जागल्या, वर देखरेखीला पंच. आमाच्या भाच्याच्या हिंदीचा आधार घेत मी हे तिला सांगितलं. तिने सगळं ऐकून एकच विचारलं, “बेटा, शेवटच्या शेतापर्यंत पोचतं का पाणी?” पाट सांभाळलेल्या माणसालाच हा प्रश्न सुचतो. मी म्हटलं, “आमा, पाटकरी चांगला असेल तर पोचतं.” तिने मान डोलावली. त्यांच्याकडेही पाळ्या कुणाच्या आधी, कुणाच्या नंतर, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. गाव वसवणाऱ्या मोठ्या घरांचा हक्क पहिला. ज्यांचा हक्क नाही ते त्यांच्याकडून पाणी मागून घेतात, बदल्यात श्रम देतात. ही व्यवस्था समतेची नाही. पण वसंतात पाट दुरुस्त करायला प्रत्येक घराचा माणूस जातो, जो जात नाही तो दंड भरतो.

पूर्वी या शेतांत सातू आणि काळा वाटाणा होत असे. १९८० च्या दशकात हिरवा वाटाणा आला आणि त्याने स्पितीचं अर्थकारण पालटलं. मैदानात वाटाणा हे थंडीचं पीक. जुलै-ऑगस्टमध्ये तिकडे तो पिकत नाही आणि नेमका तेव्हाच इथे तो शेंगेला येतो. त्यामुळे चंदीगढ आणि दिल्लीच्या मंडईत त्याला चढा भाव मिळतो. पोरं शिमल्याला, चंदीगढला शिकायला गेली ती याच्या पैशावर. आम्ही गेलो तेव्हा खालच्या गावांत तोडणी सुरू झाली होती, नेपाळहून मजूर आले होते, आणि वरच्या गावांत रानं पांढऱ्या फुलांनी भरलेली होती. सातूला पाणी थोडं कमी-जास्त झालेलं चालतं. वाटाणा पाळी चुकवू देत नाही. हिवाळ्यात बर्फ कमी पडला की जूनमध्येच तळं रिकामं राहतं. “पहिले इतनी बर्फ होती थी,” म्हणत आमाने खिडकीच्या वरच्या चौकटीवर हात ठेवला. मग तोच हात गुडघ्यावर आणला.

ढंखर गाव दोन नद्यांच्या संगमावर, झिजलेल्या मातीच्या सुळक्यांवर लटकलेलं आहे. एके काळी ही स्पितीची राजधानी. इथल्या नोनो नावाच्या वंशपरंपरागत प्रमुखाला इंग्रजांनी १८७३ च्या खास कायद्याने न्यायदानाचे अधिकार दिले होते. सुळके दरवर्षी थोडे ढासळतात. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने २००६ मध्ये जगातल्या शंभर धोक्यातल्या वास्तूंत ढंखरच्या गोंपाची नोंद केली.

काझा हे स्पितीतलं बाजाराचं गाव, आणि उन्हाळ्यात आमच्यासारख्या मोटरसायकलवाल्यांनी भरलेलं. त्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. स्पितीतल्या जुन्या घरात संडास कोरडा असतो. वरच्या मजल्यावर खोली, जमिनीत भोक, शेजारी माती आणि राखेचा ढीग, फावडं. खाली वर्षभर साठलेलं सोनखत वसंतात शेतात जातं. जिथे झाडं नाहीत, पालापाचोळा नाही, जनावरांचं शेण थंडीत चुलीत जळतं, तिथे जमिनीला परत द्यायला हेच आहे. पाहुण्यांसाठी आता फ्लशचे संडास आणि गीझर आले. त्यात दुहेरी नुकसान होतं, पाणीही जातं आणि खतही. आमच्या गटाने त्यानंतर सगळीकडे जुना संडासच मागून घेतला. घरमालकांना आधी आश्चर्य वाटायचं, मग ते खूश व्हायचे.

काझाच्या वर की गोंपा आहे, टेकडीवर एकावर एक चढलेल्या पांढऱ्या खोल्यांचा. त्यात एवढे भिक्षू का, याचं उत्तर खालच्या शेतात आहे. स्पितीत परंपरेने जमीन वाटली जात नाही. सगळी थोरल्या मुलाला मिळते. त्याचं लग्न झालं की आईवडीलही मोठं घर त्याला देऊन धाकट्या घरात राहायला जातात. धाकटे मुलगे लहानपणीच गोंपात जात. एका पाळीच्या पाण्यावर एकच कुटुंब जगू शकतं, हे ओळखून केलेली ही रचना. शेताचे तुकडे पडू द्यायचे नाहीत आणि लोकसंख्या वाढू द्यायची नाही. आता शाळा, नोकऱ्या आणि टॅक्सीचे धंदे आल्यावर ती सैल होत चालली आहे, पण की गोंपाच्या स्वयंपाकघरात चहा ओतणारा कोवळा भिक्षू सहज म्हणाला, “मी तिसरा.” म्हणजे तिसरा मुलगा.

लांगझा चव्वेचाळीसशे मीटरवर आहे. मागे छाउ-छाउ-कांग-निल्डा शिखर, समोर नदीच्या दरीपर्यंत उतरणारा काळा भुसभुशीत शेल खडक. या शेलमध्ये अमोनाइटचे जीवाश्म मिळतात. हिमालय उठण्याआधी इथे टेथिस समुद्र होता आणि हे त्याच्या तळाशी साचलेल्या गाळात पुरलेले शंखधारी जीव. फर्डिनांड स्टोलिच्का या भूवैज्ञानिकाने १८६० च्या दशकात स्पितीच्या या थरांचा पद्धतशीर अभ्यास केला. आपल्या देवघरातला शाळिग्राम नेपाळात गंडकीच्या पात्रात मिळतो, तोही त्याच टेथिसच्या काळ्या शेलमधला अमोनाइट. आमच्यातली एक मैत्रीण एका शेतकऱ्याच्या बांधावर गुडघे टेकून बसली आणि दगडात उमटलेल्या चक्राच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. तिच्या सासरी रोज शाळिग्रामाची पूजा होते. तिने तो दगड होता तिथेच ठेवला. गावातली पोरं जीवाश्म विकायला पुढे येतात, पण हे विकायचे नाहीत आणि घ्यायचेही नाहीत, आणि बरीचशी गावंच आता तसं सांगू लागली आहेत.

किब्बरकडे जाताना हिमबिबट्याचा प्रदेश लागतो. याक आणि मेंढ्या मारल्या गेल्या की पूर्वी गावकरी बिबट्याच्या मागे लागत. नेचर कन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या मदतीने किब्बरने गावाचाच पशुविमा सुरू केला, घराघरातून हप्ता, नुकसानीचा पंचनामा गावकऱ्यांचाच, आणि काही कुरणं भरल या जंगली मेंढ्यांसाठी चराईमुक्त ठेवली. आता हिवाळ्यात बिबट्या पाहायला लोक येतात आणि किब्बरची तरुण मुलं वाटाडे होतात. पुढे चिचमचा पूल. खाली खोल घळ. २०१७ मध्ये पूल झाला, त्याआधी दोरावर लटकणाऱ्या पाळण्यात बसून, दोर हाताने ओढत लोक पलीकडे जात, बाळंतीणही तशीच.

लोसर हे स्पितीतलं शेवटचं मोठं गाव. मग कुंझुम, साडेचार हजार मीटरवरची खिंड. पताका, छोटं मंदिर, आणि त्याला वळसा घालूनच पुढे जाणारे ट्रक. पलीकडे लाहौल आणि चंद्रा नदी. हीच पुढे तांदीला भागा नदीला मिळून चंद्रभागा होते आणि त्याही पुढे चिनाब म्हणून ओळखली जाते. बातलपासून ग्रामफूपर्यंतचा रस्ता म्हणजे नदीच्या पात्रातले गोटे आणि त्यावरून वाहणारे नाले. डांबर जवळजवळ नाही.

एका रुंद नाल्यापाशी आम्ही सकाळी सहाच्या सुमारास पोचलो तेव्हा आधीच वाटाण्याचे ट्रक रांगेत उभे होते. आदल्या दुपारी पाणी चढलं म्हणून ते रात्रभर थांबले होते. एका ट्रकचालकाने आम्हाला थांबवून स्वतः पायी पात्रात शिरून वाट दाखवली. “दाईं तरफ रहना भाईजी, बाईं तरफ गड्ढा है.” पहिल्या गियरमध्ये, क्लच अर्धा दाबून, रेस एकसारखी ठेवत, नजर पाण्यावर न टाकता समोरच्या काठावर. पाणी पाहिलं की डोळे प्रवाहाबरोबर जातात आणि हात डोळ्यांमागे. बुटात पाणी शिरलं की पाय क्षणात बधिर होतात. धोंड्यावर चाक घसरलं की खालच्या बाजूला उभे दोघे हात देतात, गाडी पडू देत नाहीत. आप्पा प्रवाहाच्या खालच्या अंगाला मांडीभर पाण्यात उभे होते आणि शेवटची गाडी निघेपर्यंत हलले नाहीत. नंतर ट्रकवाल्यांनी स्टोव्ह पेटवून त्यांच्यासाठी चहा केला आणि त्यांचे मोजे इंजिनाच्या उबेवर वाळत घातले.

ट्रकच्या पाठी चढून मी एक शेंग सोलली. गोड, अजून थंड. चालक सांगत होता, मंडईत दोन दिवस उशिरा पोचलं तर दाणा सुरकुततो आणि भाव निम्म्यावर येतो. नाल्यावर पूल झाले तर रात्रीही जाता येईल. हा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग म्हणून रुंद होतो आहे, आणि मला तो असाच खडतर राहावा असं म्हणायचा काही अधिकार नाही. ज्या नाल्याने मला आयुष्यभर आठवेल अशी सकाळ दिली, त्यानेच त्या चालकाची एक रात्र आणि आमाच्या शेंगांचा एक दिवस खाल्ला होता.

ग्रामफूहून पुढे लाहौलची गावं. बटाट्याची आणि फुलकोबीची शेतं, चंद्रेच्या काठाने. पूर्वी इथून मनालीला जायचं तर रोहतांग खिंड ओलांडावी लागे आणि हिवाळ्यात ती बंद झाली की लाहौल महिनोन्‌महिने तुटलेलं राही. ३ ऑक्टोबर २०२० ला अटल बोगदा सुरू झाला, ९.०२ किलोमीटरचा. आम्ही कोरड्या, निळ्या आभाळाखालून आत शिरलो. आत इंजिनांचा घुमणारा आवाज, पिवळे दिवे, मागे सगळ्यांत शेवटी आप्पा. पलीकडच्या तोंडाशी देवदार होते आणि धो-धो पाऊस. नाल्यावरचे ट्रकवाले तिथे आमच्या पाठोपाठ येऊन थांबले. त्यांनी शेंगांच्या गोण्यांवर ताडपत्र्या ओढल्या, दोर आवळले, आणि भाव उतरायच्या आत चंदीगढ गाठायला पुढे निघाले.